प्रताप नगरातलं उपकेंद्र

नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयात मी आकडेवारीच्या टेबलावर बसतो. जिल्ह्यात या महिन्यात किती बाळं जन्मली, किती जणांना कोणती लस मिळाली, किती गरोदर बायांची नोंद झाली, ही माहिती गावागावांतून येते. ती मी जुळवतो आणि वर पाठवतो. बेरीज आडवी आणि उभी सारखी आली पाहिजे. ती येईपर्यंत मी जागेवरून उठत नाही.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझ्याकडे नकाशाचं काम आलं. जिल्ह्यातलं प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालचं प्रत्येक उपकेंद्र जीआयएसच्या, म्हणजे संगणकावरच्या, नकाशावर बसवायचं होतं. उपकेंद्र म्हणजे दोन-तीन खोल्यांची इमारत. तिथे एक सिस्टर असते, तिच्या सोबतीला काही आशाताई, आणि त्यांच्याकडे भोवतीची चार-पाच गावं. इतकी वर्षं या उपकेंद्रांचा पत्ता म्हणून आमच्या कागदांवर फक्त गावाचं नाव होतं. अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला फोनवर सांगावं लागे, शाळेवरून डावीकडे घ्या, मग गिट्टीचा रस्ता, मग कुणालाही विचारा. आता प्रत्येक केंद्राला अक्षांश-रेखांश मिळणार होते. कुठल्या गावाला दवाखाना किती किलोमीटरवर पडतो, हे विचारायला कुणाच्या अंदाजाची गरज उरणार नव्हती.

पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. वर्गात माझ्याहून वयानं मोठा कुणी नव्हता. पण मला ते काम फार आवडलं. नकाशात एकावर एक थर ठेवता येतात. एका थरात रस्ते, एकात नाले, एकात गावांच्या हद्दी, एकात आपली केंद्रं. जे कोष्टकात मला वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं, ते थर लावल्याबरोबर दिसायला लागलं. घरी येऊन मी बायकोला तासभर थर समजावून सांगितले. ती म्हणाली, "आता कणीक मळून राहिली मी. उद्या सांगा." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितले.

पहिल्या खेपेला आम्ही सिस्टरांकडून ठिकाणाचे आकडे हातानं लिहून मागवले आणि फसलो. एका सिस्टरनं अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिला. तिचं उपकेंद्र थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जाऊन पडलं. आमचे साहेब, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, स्वतः डॉक्टर आहेत. पुण्याकडून बदलून आलेले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं आहे. लस ठेवायला फ्रीज लागणार नाही."

म्हणून दुसऱ्या खेपेला मोबाइलवरचा फॉर्म मी स्वतः बनवला आणि ठिकाणाचा रकाना बंद करून टाकला. हातानं काही लिहिताच येणार नाही. फोन जिथे असेल ती जागा फोननंच घ्यायची. सिस्टरनं उपकेंद्राच्या दारात उभं राहायचं, इमारतीचा फोटो काढायचा, खोल्या, पाणी, वीज ही माहिती भरायची आणि पाठवायची. सोबत माझ्या हाताचं एक पानाचं परिपत्रकही गेलं.

फॉर्म भराभर आले. मग मी तपासणी लावली. प्रत्येक ठिपका आपापल्या तालुक्याच्या हद्दीत पडतो का, एवढाच प्रश्न होता. सोमवारी दुपारी निकाल आला. सगळे ठिपके हिरवे, एक लाल. काटोल तालुक्यातलं एक उपकेंद्र नागपूर शहरात दिसत होतं. मी नकाशा मोठा केला. प्रताप नगर. आणखी मोठा केला. ठिपका माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होता. त्या गल्लीतून मी रोज सकाळी दूध आणतो.

साहेबांनी तो ठिपका पाहिला तेव्हा ते हसले नाहीत.

आमच्या खात्यात मुख्यालयाचा प्रश्न जुना आहे. सिस्टरनं उपकेंद्राच्या गावातच राहायचं, असा नियम आहे. प्रत्यक्षात काही जणी तालुक्याच्या गावी राहतात, काही नागपुरात घर करून रोज जाऊन-येऊन करतात. गावकऱ्यांच्या तक्रारी येतात, पण पुरावा नसतो. आता पुरावा पडद्यावर होता.

"फॉर्म कधी आलाय?" साहेबांनी विचारलं.

"मागच्या बुधवारी. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी."

"म्हणजे ड्युटीच्या वेळेत बाई प्रताप नगरात घरी बसून उपकेंद्राचा फॉर्म भरतात. धन्य आहे." त्यांनी बेल वाजवली. संध्याकाळपर्यंत कारणे दाखवा नोटीस टाइप झाली, साहेबांची सही झाली आणि जावक क्रमांकही पडला. गुरुवारच्या डाकेत ती काटोलला जायची होती.

मलाही त्या वेळी साहेबांचंच बरोबर वाटलं, हे लिहिलं पाहिजे. पण टेबलावर परत आल्यावर मी त्या उपकेंद्राचे जुने अहवाल काढले. सिस्टरना मी तालुक्याच्या मीटिंगमध्ये लांबून पाहिलं होतं, ओळख नव्हती. अहवाल मात्र ओळखीचे होते. तारीख कधी चुकली नव्हती. बेरीज कधी चुकली नव्हती. जिथे बाकीचे 'निरंक' लिहून मोकळे होतात, तिथे या बाई काहीच का घडलं नाही त्याचं कारण एका ओळीत लिहीत. असा अहवाल नागपुरात बसून लिहिता येतो का? येतही असेल. मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना माझ्या ठिपक्यावरून कुणाच्या सर्विस बुकात शेरा पडणार, हे मला जड जाऊ लागलं. ठिपका माझा होता. तो दोन गल्ल्यांवर होता. जाऊन पाहायला हरकत नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो, चहा घेतला आणि पुन्हा चपला घातल्या.

"कुठी चालले?" बायकोनं विचारलं.

"एक ठिपका पाहून येतो."

"कोण हो ही ठिपका?" ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लोकाच्या दारासमोर उभे राहून फोन पाहू नका फक्त."

मी नेमकं तेच केलं. फोनमधला ठिपका अगदी एका बिंदूवर नसतो. त्याच्याभोवती बारा मीटरचं वर्तुळ होतं आणि त्या वर्तुळात चार घरं येत होती. मी पहिल्या घरापासून चौथ्या घरापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या घराच्या फाटकातून साठीच्या एक बाई बाहेर आल्या.

"काय पाहून राहिले जी? मीटरवाले आहा का?"

"नाही. मी आरोग्य खात्यात आहे. इथे एक सिस्टर राहतात का? काटोलकडच्या?"

"राहत नाही. येतात. बुधवारी." त्यांनी मला खालीवर पाहिलं. "काहून? काही झालं का सिस्टरले?"

आत नेऊन त्यांनी खुर्ची दिली. गोष्ट साधी होती. त्यांची मुलगी काटोल तालुक्यातल्या त्या गावी दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून आठव्या महिन्यात माहेरी आली आणि आल्याबरोबर चार दिवसांत बाळंत झाली. मुलगी झाली, वजन एक किलो आठशे वीस ग्रॅम. दवाखान्यात काही दिवस ठेवलं, मग सुट्टी दिली आणि वजन वाढवा म्हणून सांगितलं.

"अन् दुसऱ्याच बुधवारी सिस्टर दारात," त्या म्हणाल्या. "आमी काही बोलावलं नव्हतं. गावाहून पत्ता घेऊन आल्या. म्हणे, माझ्या रजिस्टरातली पोरगी हाये, दिसली नाही तं पाहाले आली."

त्यांनी कपाटावरून एक शाळेची चाळीस पानी वही काढून दिली. मी चष्मा लावला. चार बुधवार, चार पानं. प्रत्येक पानावर वेळ, वजन, एका मिनिटात श्वास किती, दिवसातून किती वेळा दूध घेतलं, पाय गरम की थंड. पहिल्या बुधवारी वजन एक किलो सातशे चाळीस, म्हणजे जन्मापेक्षा कमी. मग सातशे नव्वद. मग नऊशे वीस. मग दोन किलो सत्तर. प्रत्येक आकड्याच्या बाजूला मागच्या आकड्याशी फरक लिहिलेला. एका ठिकाणी श्वास बावन्न आला होता, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजून सेहेचाळीस लिहिला होता आणि कंसात 'रडत होती' अशी नोंद होती. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावर इतकी स्वच्छ नोंद आलेली मला आठवत नव्हती. आणि ही कुठल्याच अहवालात जात नव्हती.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऑफिसच्या वेळेत ऑफिसचं काम करायला रजा कशाला, असं टेबलावरचे लोक म्हणाले. पण साहेबांनी मला पाठवलं नव्हतं, मी माझ्या मनानं चाललो होतो.

साडेतीनला सिस्टर आल्या. चौपन्न-पंचावन्न वय, खांद्याला पिशवी, पिशवीत वजनाचा काटा. त्यांनी आधी हात धुतले, बाळाला काट्याच्या झोळीत घातलं, वजन वहीत उतरवलं. दोन किलो दोनशे चाळीस. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही आकडेवाले साहेब न? मीटिंगमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसता. चूक झाली की फोन करता म्हणे."

"तुम्हाला कधी करावा लागला नाही."

"म्हणून तं ओळख नाही आपली." त्या हसल्या. "मंग आज कोणती चूक काढाले आले?"

मी फोन पुढे केला आणि त्यांचं उपकेंद्र दाखवलं. त्यांनी ठिपका पाहिला, खालचे रस्ते पाहिले आणि इतक्या हसल्या की पलंगाच्या कडेवर बसल्या.

"बाप्पा! माझं उपकेंद्र प्रताप नगरात? काकू, आता तुमच्या घरावर बोर्ड लावा लागते."

"लावा," बाळाची आजी म्हणाली, "पण चपला बाहेर काढाले सांगजा लोकाईले."

मग मी नोटिशीचं सांगितलं. हसणं थांबलं. त्यांनी वही मिटली.

"चार वर्षं राहिले नोकरीचे," त्या म्हणाल्या. "एक शेरा नाही आजपर्यंत. मी गावातच राह्यतो जी. दोन खोल्या हायेत मागच्या बाजूनं. या कधीही, सांगून नका येऊ."

"मग हा फॉर्म इथून कसा गेला?"

"फॉर्म दारातच भरला ना! फोटो काढला, पाण्याचं लिहिलं, विजेचं लिहिलं. नेटवर्क नव्हतं. तं तुमचा कागद पाह्यला." त्यांनी पिशवीतून माझं परिपत्रक काढलं. चार घड्या पडलेलं, पण होतं. तिसऱ्या सूचनेवर त्यांनी बोट ठेवलं. ती मी आजही न पाहता म्हणू शकतो: 'माहिती प्रलंबित ठेवू नये. नेटवर्क नसल्यास, ज्या ठिकाणी नेटवर्क मिळेल तेथून ती तात्काळ सादर करावी.' "इथं आली, लेकरू जोखलं, फोन पाह्यला तं चार दांड्या. पाठवून देल्ला."

मला त्याच क्षणी कळलं, पण खात्री हवी होती. गुरुवारी सकाळी मी घरी इंटरनेट बंद करून एक नमुना फॉर्म भरला, बसनं सदरला पोचलो, टेबलावर बसून इंटरनेट सुरू केलं आणि फॉर्म पाठवला. नकाशावर माझं घर सदरमधल्या ऑफिसात दिसलं. फॉर्म भरताना नव्हे, पाठवताना फोन जिथे असेल ती जागा तो घेत होता. कुणी खोटं लिहू नये म्हणून रकाना बंद करण्यात मी इतका गुंतलो होतो की ही साधी गोष्ट मी तपासलीच नव्हती. आणि वरून लेखी सूचना दिली होती की कुठूनही पाठवा. बाईंनी माझी आज्ञा अक्षरशः पाळली होती.

पण बुधवारची एक गोष्ट अजून सांगायची राहिली. मी त्यांना विचारलं होतं की दर आठवड्याला काटोलहून इतक्या लांब का येता, इथेही शहराची सिस्टर असेल.

"असेल ना. तिच्या यादीत ही पोरगी नाही. हिचं कार्ड आमच्या गावचं," त्या म्हणाल्या. "अन् माझ्या रजिस्टरात कसं असते, तुमाले माहीत हाये. बाई बाळंतपणाले गेली की शेवटच्या रकान्यात 'माहेरी' लिहाचं. लिहिलं की माझं काम संपलं. इकडच्याईचं सुरूच होत नाही. मधातल्या मधात लेकरू कोण पाह्यते, सांगा."

तो 'माहेरी' रकाना मला चांगला माहीत होता. गृहभेटींची टक्केवारी काढताना एकूण बाळंतिणींतून मी तो आकडा दर महिन्याला वजा करत आलो होतो. नियम तसाच आहे. ज्या गावात नाहीत त्यांच्या भेटी होणार कशा? वजा केल्यावर टक्केवारी छान येते. त्या वजा केलेल्या बायका पुढे कुठल्या बेरजेत येतात, हा प्रश्न सव्वीस वर्षांत मला पडला नव्हता. तो या बाईंना पडला होता, आणि त्यांनी बुधवारी सकाळी काटोलला रिपोर्ट द्यायचा आणि तिथूनच नागपूरची बस धरायची, असा त्याचा हिशेब स्वतःपुरता जुळवून टाकला होता.

"येताना कुठे लिहून येता का?" मी शेवटी विचारलं.

"हालचाल रजिस्टरात. दर वेळी. लिहिल्याशिवाय काहून निघीन?"

त्या रजिस्टराच्या पानांचे फोटो त्यांनी आरोग्य केंद्रातून मागवून मला पाठवले. गुरुवारी अकरा वाजता, डाक बांधली जाण्याआधी, मी तीन कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. माझं परिपत्रक, माझं घर ऑफिसात दाखवणारा नकाशा, आणि हालचाल रजिस्टराची पानं.

साहेबांनी पहिले दोन कागद वाचले. "म्हणजे चूक तुमची."

"हो साहेब."

"लेखी द्या."

"आणलं आहे." तो चौथा कागद होता.

तिसऱ्यावर ते जास्त वेळ थांबले. पाच बुधवारांच्या पाच नोंदी होत्या: 'नागपूर, प्रताप नगर. कमी वजनाचे बाळ, तपासणी.' प्रत्येक नोंदीसमोर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही. साहेबांनी त्यांना तिथूनच फोन लावला. स्पीकर सुरू होता.

"डॉक्टर, तुमच्या सिस्टर दर बुधवारी नागपूरला येतात, हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही सर. येतात का?"

"तुम्ही पाच सह्या केल्यात."

मग आवाज आला, "सर, रजिस्टर रोज येतं सहीला. वाचणं नाही होत."

साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "खात्यात दोनच माणसं वाचतात वाटतं. एक लिहिणारी आणि एक तुम्ही." त्यांनी नोटीस मागवली, आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि सही केली. जावक नोंदवहीतही तसंच करायला लावलं. मला वाटलं, झालं. मी उठायला लागलो.

"बसा," ते म्हणाले. "बाईंनी चांगलं काम केलंय, माझ्या वतीनं सांगा त्यांना. पण पुढच्या बुधवारपासून त्यांनी यायचं नाही. त्या इकडे असताना तिकडे कुणाला कळा सुरू झाल्या तर? गावात तर कुणीच नाही. ही शहराची जबाबदारी आहे. तुमच्याकडे नकाशा आहे ना? शहरातलं सगळ्यात जवळचं केंद्र काढा आणि पत्र द्या."

त्यांचं चूक नव्हतं. नकाशात त्या घरापासून शहरातल्या केंद्राचं अंतर रस्त्यानं नऊशे मीटर निघालं. पत्र मी स्वतः नेऊन दिलं. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. पुढच्या महिन्याच्या यादीत नाव घेतो म्हणाल्या. महिना संपायला बारा दिवस होते आणि त्यात एक बुधवार येत होता.

मी सिस्टरना फोन लावून सांगितलं की नोटीस रद्द झाली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मागे कुठलं तरी बाळ जोरात रडत होतं. "लस देऊन राहिली मी. मंग बुधवारचं कसं?"

मी साहेबांचं सांगितलं, यादीचं सांगितलं.

"एक हप्ता मोकळा जाते मंग. आताच तं वाढाले लागली पोट्टी." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही दोन गल्ल्या सोडून राह्यता न जी?"

"हो."

"काटा मी तिथंच ठेवून आली, जुना हाये माझा. बुधवारी जाजा अन् वजन सांगजा मले. आकडा वाचता येते तुमाले."

बुधवारी संध्याकाळी बायको माझ्यासोबत आली. ओल्या बाळंतिणीच्या घरी तुमचं एकट्याचं काय काम, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. तिनं बाळाला उचलून झोळीत ठेवलं. मी काट्याच्या पातळीला डोळे आणून वाचलं, बाळ हललं म्हणून थांबलो, पुन्हा वाचलं. दोन किलो पाचशे साठ. वहीत पान उघडून तारीख, वेळ आणि वजन लिहिलं, मागच्या बुधवारशी फरकही लिहिला: तीनशे वीस. आजीला फार आनंद झाला. तिनं आम्हाला बसवून पोहे केले. मी अंगणात येऊन सिस्टरना फोन लावला आणि आकडा सांगितला.

"तीनशे वीस?" त्या म्हणाल्या. "एका हप्त्यात? नाही होत जी तसं. झबलं काढलं होतं का?"

मी आत पाहिलं. बाळाच्या अंगात झबलं होतं, डोक्याला टोपरं होतं आणि वरून दुपट्यात गुंडाळलेलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"टोपरं?"

"नाही."

"मंग कपडे जोखले तुम्ही," त्या म्हणाल्या. "पुन्हा घ्या. मी थांबतो फोनवर."

फोन बायकोच्या हातात देऊन मी आजीला बाळाचे कपडे काढायला सांगितले. "मी म्हटलं होतं न," बायको फोनमध्ये सिस्टरला सांगत होती, आणि ती तसं काहीच म्हणाली नव्हती. उघड्या अंगानं बाळ झोळीत गेलं, रडलं, मग शांत झालं. मी दोनदा वाचलं. वहीतला आकडा खोडून बाजूला सही केली आणि खाली नवा लिहिला.

"दोन किलो चारशे दहा," मी फोनवर सांगितलं. "फरक एकशे सत्तर."

"हाव," सिस्टर म्हणाल्या. "हे बरोबर हाये. आता लवकर झाका तिले, थंडी लागन." आणि त्यांनी फोन ठेवला.